अंदाज, तपास आणि निवाडा

नोव्हेंबर २०१७ मधील जुईनगरची ती घटना नवी मुंबईकर अद्याप विसरलेले नाहीत. दुसरा शनिवार आणि रविवार अशी जोडून आलेली सुट्टी संपवून सोमवारी, १३ तारखेला, बँक ऑफ बडोदाच्या जुईनगर शाखेतील कर्मचारी कामावर परतले, तेव्हा लॉकरच्या खोलीत जमिनीला भगदाड पडलेले दिसले. सुमारे तीस लॉकर फोडले गेले होते. चोर दरवाजाने आलेच नव्हते. बँकेजवळचा एक गाळा त्यांनी काही महिने आधी भाड्याने घेतला, तेथे किरकोळ मालाचे दुकान थाटले आणि त्याच दुकानातून जमिनीखाली भुयार खणीत ते लॉकरच्या खोलीपर्यंत पोहोचले. मध्यमवर्गीय कुटुंबांनी आयुष्यभर जपलेले दागिने एका सुट्टीत नाहीसे झाले. पुढे पोलिसांनी आरोपींना अटक केली आणि ऐवजाचा काही भाग हस्तगतही केला. परंतु त्या सोमवारची सकाळ अनेक घरांच्या मनातून गेली नाही.

गुन्हा कसा उघडकीस आला, हा आपल्या विवेचनाचा विषय नाही. आपला विषय त्या आधीच्या महिन्यांचा आहे. दुकान उघडले, फलक लागला, माल मांडला गेला, गिऱ्हाईक येऊ लागले. पाहणाऱ्यांनी ठरविले की हा दुकानदार आहे. बँकेच्या सुरक्षेचा सारा विचार दरवाजा, गज, कुलूप आणि पोलादी कपाट यांच्याभोवती फिरत होता. पायाखालची जमीन त्या विचारात नव्हतीच. दोन्ही ठिकाणी माणसे निर्बुद्ध नव्हती. त्यांच्या मनात जगाचे एक चित्र होते आणि नेहमीच्या दिवशी ते चित्र बरोबर ठरत असे.

चोरीनंतर परिसरात दोन निष्कर्ष ऐकू येऊ लागले. काही म्हणू लागले की आता कोणावरही विश्वास ठेवण्याचे दिवस राहिले नाहीत. इतर म्हणू लागले की बाहेरून येणाऱ्या माणसांना जागा देऊच नये, ते असेच असतात. वरवर पाहता दोन्ही निष्कर्ष अनुभवातून आलेले होते. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: अनुभवातून बनलेल्या अंदाजाच्या आधारे दुसऱ्या माणसाशी आपण कसे वागावे? इस्लाम सद्भावना, म्हणजेच हुस्ने जन, शिकवितो. व्यवहार सावधगिरी शिकवितो. एकाच घरात, एकाच दुकानात, एकाच मनात दोन्ही नांदू शकतात काय?

मनातील नकाशा

मनुष्य जगाकडे कोऱ्या नजरेने पाहू शकत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जुईनगर स्थानकावर रोज गाडी पकडणाऱ्या प्रवाशाला ठाऊक असते की कोणत्या डब्यात चढले असता उतरण्याच्या स्थानकात जिना समोर येतो. दूध केव्हा उतू जाईल, हे गृहिणीला भांड्याकडे न पाहता कळते. आईला मुलाच्या गप्प बसण्यावरून शाळेत काही घडल्याचे उमगते. हे ज्ञान कोणी लिहून दिलेले नसते. वारंवारच्या अनुभवातून मनात एक नकाशा तयार होतो आणि त्याच्या आधारे आपण पाऊल टाकतो.

आधुनिक मानसशास्त्रात याला ‘मेंटल मॉडेल’ म्हणतात. ब्रिटिश विचारवंत केनेथ क्रेक यांनी १९४३ मध्ये अशी मांडणी केली की मन बाह्य जगाची एक लहानशी प्रतिकृती स्वतःमध्ये बाळगते आणि पुढे काय घडेल, हे आधी त्या प्रतिकृतीवर पडताळून पाहते. व्यापाराच्या क्षेत्रात ही कल्पना अमेरिकन गुंतवणूकदार चार्ली मंगर यांनी लोकप्रिय केली. १९९४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात केलेल्या भाषणात त्यांनी प्रतिपादन केले की एकाच शास्त्राच्या चौकटीतून सर्व प्रश्न पाहणारा चुकतो. निरनिराळ्या शास्त्रांतील मूलभूत कल्पना हाताशी असाव्यात आणि त्यांची एकमेकींशी सांगड घालता यावी.

हा विचार मुस्लिम परंपरेला परका नाही. इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दमा’ या ग्रंथात आपल्या पूर्वीच्या इतिहासकारांवर एक मोठा आक्षेप घेतला. आदरणीय मूसा (अ.) यांच्या काळी बनी इस्राईलच्या सैन्यात सहा लाख लढवय्ये होते, अशी संख्या इतिहासकार एकमेकांचे पाहून लिहीत आले. इब्ने खल्दून विचारतात की एवढे सैन्य रणांगणावर उभे तरी कसे राहील? एका टोकाला काय चालले आहे, हे दुसऱ्या टोकाला कसे कळेल? तेवढ्या काळात तेवढी प्रजा वाढेल तरी कशी? बातमी देणारा कितीही थोर असो, बातमी मानवी समाजाच्या स्वभावधर्माशी ताडून पाहिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आमच्या पूर्वजांनी सारे आधीच सांगून ठेवले होते, असा पोकळ अभिमान मिरविण्यासाठी हे उदाहरण दिलेले नाही. विचारांची चौकट वापरणे ही ईमानाच्या विरोधातील गोष्ट नव्हे, एवढेच यातून ध्यानात घ्यावयाचे आहे.

नकाशा आणि भूमी

परंतु नकाशा म्हणजे भूमी नव्हे. जुईनगर ज्या शहरात वसले आहे, त्या शहराचा इतिहासच याची साक्ष देतो. १९६०च्या दशकाच्या मध्यास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांची जमीन या योजनेत समाविष्ट करण्यात आली. रोजगार खाडीपलीकडे नेला की माणसेही तेथे जातील आणि मुंबईवरील भार हलका होईल, असा योजनाकारांचा विचार होता. विचार चांगला होता. परंतु मंत्रालय मुंबईतच राहिले, वाशीपर्यंत उपनगरी रेल्वे यायला १९९२ साल उजाडले आणि नव्या शहरात घर घेतलेली हजारो माणसे रोज मुंबईच्या गाड्यांत उभी राहून कामावर जात राहिली.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. नकाशावर भूखंड, रस्ते आणि सेक्टर दिसत होते. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळी कुटुंबे होती. त्यांचे जगणे नकाशाच्या रेषांत मावत नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकांना देण्याची योजना अमलात आली. त्या काळच्या योजनाकारांचा हेतू वाईट होता, असे म्हणता येणार नाही. नकाशा तेवढेच दाखवितो, जेवढे दाखविण्यासाठी तो काढलेला असतो. दोष नकाशा काढण्यात नव्हता. भूमीवरील माणसाला न विचारता नकाशालाच अंतिम मानण्यात होता.

शहराच्या बाबतीत जे घडले, तेच आपल्या घरात, व्यापारात आणि नात्यांत रोज घडत असते. फरक एवढाच की तेथे इतिहास लिहिला जातो. येथे केवळ एखाद्या माणसाचे मन दुखावते आणि त्याची नोंद आपल्या कर्मपत्राखेरीज कोठेही होत नाही.

कुरआनची शिकवण

दिव्य कुरआनने या विषयात अत्यंत सूक्ष्म भेद केलेला आहे. सूरह अल-हुजुरातच्या बाराव्या आयतीत श्रद्धावंतांना पुष्कळशा अंदाजांपासून दूर राहण्याची आज्ञा देण्यात आली आहे आणि कारण असे सांगितले आहे की काही अंदाज पाप असतात. येथे ‘काही’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. सर्व अंदाज पाप ठरविलेले नाहीत. कारण अंदाजाशिवाय जीवन चालूच शकत नाही. वैद्य लक्षणांवरून निदान करतो, शेतकरी ढग पाहून पेरणी ठरवितो, प्रवासी किब्ल्याची दिशा अदमासाने निश्चित करतो. हे अंदाज निषिद्ध नाहीत. परंतु कोणता अंदाज पापाकडे नेईल, हे आधी कळत नसल्यामुळे पुष्कळ अंदाजांबाबत सावध राहण्यास सांगितले आहे.

याच सूरहच्या सहाव्या आयतीत आज्ञा आहे की अविश्वासू माणसाने बातमी आणली तर शहानिशा करून घ्या. अन्यथा अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि मग पश्चात्ताप करीत बसाल. आणि सूरह बनी इस्राईलच्या छत्तिसाव्या आयतीत सांगितले आहे की ज्याचे ज्ञान नाही, त्याच्या मागे लागू नये; कान, डोळे आणि हृदय या सर्वांबाबत विचारणा होणार आहे.

या तिन्ही आयती एकत्र वाचल्या असता तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. पहिली पायरी अंदाजाची; ती मनात आपोआप उमटते. दुसरी पायरी शहानिशेची. ती कष्टाने चढावी लागते. तिसरी पायरी निवाड्याची. ती ज्ञानानंतरच चढण्याची आहे. आपली चूक ही असते की आपण पहिल्या पायरीवरून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. अंदाज आपल्याला सावध होण्याचा अधिकार देतो. निवाडा देण्याचा अधिकार देत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जेव्हा आदरणीय अली (र.) यांना न्यायदानासाठी येमेनला पाठविले, तेव्हा त्यांना शिकवण दिली की दोन पक्ष समोर आले असता दुसऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय पहिल्याच्या बाजूने निर्णय देऊ नये. ही हदीस केवळ न्यायाधीशांसाठी आहे, असे आपण समजतो. परंतु सुनेची तक्रार ऐकून सासूबद्दल आणि सासूची तक्रार ऐकून सुनेबद्दल मत बनविणारा प्रत्येक मनुष्य त्या क्षणी न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला असतो.

धान्याचा ढीग आणि माणसाचे हृदय

प्रेषितांच्या (स.) जीवनातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले असता हा भेद अधिक उजळतो.

पहिला प्रसंग मदीनेच्या बाजारातील आहे. प्रेषित (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले असता त्याने पाऊस लागल्याचे सांगितले. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की ओले धान्य लोकांना दिसावे म्हणून वर का ठेवले नाही? आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, अशी ताकीद दिली. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. वरचा थर पाहून खालच्या थराचा अंदाज बांधणे, ही गिऱ्हाइकाची सवय असते आणि फसविणारा त्याच सवयीचा लाभ घेतो. जुईनगरजवळच्या तुर्भे येथील घाऊक बाजारात आजही जाणता व्यापारी आंब्याच्या पेटीचा वरचा थर पाहून थांबत नाही, खालचेही फळ काढून पाहतो. पोत्याच्या पोटातून वानगी काढल्याशिवाय धान्याचा भाव ठरवीत नाही. वस्तूच्या बाबतीत असा तपास करणे हा विक्रेत्याचा अपमान नव्हे. प्रेषितांनीही (स.) विक्रेत्याला आधी दोषी धरले नाही. त्यांनी हात घालून पाहिले, कारण विचारले, उत्तर ऐकून घेतले आणि मगच ताकीद दिली.

दुसरा प्रसंग रणांगणातील आहे. एका मोहिमेत आदरणीय उसामा बिन जैद (र.) यांच्या तलवारीखाली सापडलेल्या शत्रूने कलिमा उच्चारला. त्याने तो केवळ जीव वाचविण्यासाठी उच्चारला, असा उसामा (र.) यांचा अंदाज झाला आणि त्यांनी त्याला ठार केले. युद्धातील अनुभव पाहता हा अंदाज अगदी अशक्यप्राय नव्हता. परंतु प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते अत्यंत व्यथित झाले. त्याचे हृदय चिरून पाहिले होते काय, या अर्थाचा प्रश्न त्यांनी केला आणि कलिम्याची आठवण इतक्या वेळा करून दिली की आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरे झाले असते, असे उसामा (र.) यांना वाटू लागले.

धान्याच्या ढिगात हात घालता येतो. हृदयात घालता येत नाही. म्हणून वस्तूंसाठी आणि व्यवहारासाठी बनविलेली चौकट माणसाच्या अंतःकरणाला लावताना श्रद्धावंताचा हात थरथरला पाहिजे. व्यापार कसा चालतो, गर्दी कशी वागते, भाव का चढतात, हे समजून घेण्यासाठी या चौकटी उपयुक्त आहेत. ‘अनेक माणसे बहुधा कशी वागतात’ हे त्या सांगू शकतात. ‘समोर उभा असलेला हा एक मनुष्य कसा आहे’ हे त्या सांगू शकत नाहीत.

एक कबुली

येथे मला स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. जुईनगरच्या त्या चोरीनंतर काही महिन्यांनी माझी एक लहानशी खोली भाड्याने द्यावयाची होती. तुर्भ्याच्या बाजारात हिशेबनीस म्हणून काम करणारा, परप्रांतातून आलेला एक तरुण विचारपूस करावयास आला. त्याने न मागता पिशवीतून ओळखपत्र, नोकरीचे पत्र, गावच्या पत्त्याचा पुरावा असे सारे काढून मेजावर ठेवले. मी ते कागद हाती घेतलेसुद्धा नाहीत. खोली आधीच ठरली आहे, असे खोटे सांगितले. त्याने कागद पुन्हा पिशवीत भरले, “ठीक है, चाचा,” म्हणाला, सलाम केला आणि जिना उतरून गेला.

त्याच महिन्यात एका परिचिताच्या शब्दावरून मी ती खोली दुसऱ्या एकाला दिली. तो ‘आपल्याकडचा’ होता; घराण्याचे नाव ठाऊक होते. म्हणून करार केला नाही, कागद घेतले नाहीत. तीन महिन्यांचे भाडे आणि विजेचे बिल थकवून तो निघून गेला.

पैसे गेल्याचे दुःख फार काळ टिकले नाही. टोचत राहिली ती दुसरीच गोष्ट. अनेक वर्षांपूर्वी, कुटुंबासह या शहरात आलो तेव्हा, मी स्वतः भाड्याच्या घरासाठी वणवण केली होती. फोनवर भाडे ठरे, डिपॉझिट ठरे, आणि नाव सांगितले की पलीकडचा आवाज बदलत असे. घर अचानक ‘ठरलेले’ असे. आपल्यापैकी किती जणांनी हा अनुभव घेतला असेल, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्या वेळी मला वाटत असे की या लोकांनी माझे कागद पाहावेत, माझ्या शेजाऱ्यांना विचारावे, हवे तेवढे प्रश्न करावेत, फक्त माझ्या नावावरून निवाडा देऊ नये. त्या तरुणानेही माझ्याकडे याहून अधिक काही मागितले नव्हते.

माझ्यावर अन्याय करणाऱ्यांच्या मनातील नकाशा मला स्पष्ट दिसत होता. माझ्या मनातील नकाशा मात्र मला ‘अनुभव’ वाटत होता.

तपास सर्वांचा, संशय कोणाचाच नाही

तर मग सावधगिरी सोडून द्यावी काय? कोणालाही, काहीही न विचारता गाळा द्यावा काय? इस्लाम असे भोळेपण शिकवीत नाही. उत्तर दिव्य कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत, सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा आदेश तेथे आहे. ही आज्ञा संशयास्पद माणसांपुरती दिलेली नाही. मित्र असो, नातलग असो वा अनोळखी, देण्याघेण्याचा नियम एकच. सर्वांनाच लिहून द्यावे लागत असल्यामुळे लिहून मागण्यात कोणाचा अपमान होत नाही आणि न लिहिल्यामुळे पुढे संशयाला जागाही राहत नाही. पुढच्याच आयतीत परस्परांवर विश्वास असल्यास अमानत प्रामाणिकपणे परत करण्याची आणि अल्लाहचे भय बाळगण्याची आज्ञा आहे. म्हणजे लेखणी आणि विश्वास यांना कुरआनने एकमेकांचे शत्रू मानलेले नाही.

महाराष्ट्रातील कायद्यानेही हाच मार्ग घालून दिला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावयाची पद्धतही आहे. हे नियम प्रत्येकाला सारखे लागू केले तर ते शहानिशा ठरतात. एका समाजाच्या, एका प्रांताच्या माणसालाच लागू केले तर तेच नियम अपमान ठरतात. आणि ‘आपल्या’ माणसाला त्यातून सूट दिली तर तो निष्काळजीपणा ठरतो. त्याची किंमत मी मोजली आहे.

तपास आणि टेहळणी यांतील सीमारेषाही ओळखली पाहिजे. हुजुरातच्या ज्या आयतीत अंदाजापासून सावध केले आहे, त्याच आयतीत दुसऱ्याची छिद्रे शोधण्यास आणि पाठीमागे निंदा करण्यासही मनाई आहे. व्यवहाराला आवश्यक तेवढे, समोरासमोर, त्याला ठाऊक असताना विचारणे म्हणजे तपास. त्याच्या स्वयंपाकघरात काय शिजते, त्याच्याकडे कोण येते-जाते, हे दाराआडून पाहणे म्हणजे टेहळणी. पहिली आज्ञा आहे, दुसरे पाप आहे.

संस्थांनाही आपल्या विचारांच्या चौकटी तपासाव्या लागतात. लॉकरच्या बाबतीत बँकांची भूमिका दीर्घकाळ अशी राहिली की आत काय ठेवले आहे हे आम्हाला ठाऊक नाही, म्हणून आम्ही उत्तरदायी नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मधील एका निकालात स्पष्ट केले की लॉकरच्या सुरक्षेच्या जबाबदारीतून बँकांना अंग काढून घेता येणार नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांनी केलेली फसवणूक अशा प्रसंगी बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत ठरविण्यात आले. भरपाई पुरेशी आहे की नाही, हा निराळा वाद. परंतु ‘जागा भाड्याने दिली’ या चौकटीकडून ‘अमानत सांभाळली’ या चौकटीकडे हे एक पाऊल आहे, आणि अमानतीची चौकट आपल्याला नवीन नाही.

चौकट स्वतःकडे वळवावी

या साऱ्या विवेचनातील सर्वांत कठीण भाग शेवटी येतो. मानवी वर्तनाच्या चौकटी शिकलेला मनुष्य बहुधा त्या इतरांवर चालवितो. त्याला शेजाऱ्याचा स्वार्थ दिसतो, भावाचा मत्सर दिसतो, गिऱ्हाइकाचा लोभ दिसतो. आरशात मात्र काही दिसत नाही. सूरह अल-कससमधील कारूनने आपल्या संपत्तीचे एकच कारण मानले होते, स्वतःचे ज्ञान. त्याच्याहून बलवान आणि धनवान असलेल्या किती पिढ्या नष्ट झाल्या, हे त्याच्या हिशेबात नव्हते. यशस्वी माणूस आपले यश पाहून नियम बनवितो. त्याच मार्गाने गेलेले आणि बुडालेले त्याला दिसत नाहीत. दृष्टिशास्त्राचे महान अभ्यासक इब्नुल हैसम यांनी सत्यशोधकाला बजावले होते की पूर्वसूरींचे ग्रंथ तपासताना त्याने स्वतःच्या समजुतीवरही संशय घ्यावा, म्हणजे तो पूर्वग्रहातही सापडणार नाही आणि ढिलाईतही नाही.

स्वतःकडे वळविलेली चौकट किती सुंदर फळ देते, याचे उदाहरण मदीनेतील एका घरात सापडते. आदरणीय आयेशा (र.) यांच्यावर जेव्हा किटाळ घेण्यात आले आणि गावभर कुजबुज सुरू झाली, तेव्हा आदरणीय अबू अय्यूब अन्सारी (र.) यांच्या पत्नीने ती चर्चा त्यांच्या कानावर घातली. त्यांनी पत्नीला विचारले की तू असे कृत्य केले असतेस काय? त्यांनी अल्लाहची शपथ घेऊन नकार दिला. त्यावर अबू अय्यूब (र.) म्हणाले की आयेशा (र.) तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत. सूरह अन-नूरच्या बाराव्या आयतीतही हीच अपेक्षा व्यक्त झाली आहे की ती बातमी ऐकताच श्रद्धावंत स्त्री-पुरुषांनी आपल्याच लोकांबद्दल चांगला विचार का केला नाही? त्या दांपत्याकडे पुरावा नव्हता, बातमी देणारे मात्र अनेक होते. त्यांनी आपल्या अंतःकरणाचा नकाशा दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहिला आणि तो निंदेसाठी न वापरता बचावासाठी वापरला.

सूरह अल-कहफमध्ये आदरणीय मूसा (अ.) यांची अल्लाहच्या एका ज्ञानी दासाशी झालेली भेट आपण दर शुक्रवारी वाचतो. नावेला भोक पाडलेले पाहून मूसा (अ.) यांनी आक्षेप घेतला. त्यांना जेवढे ठाऊक होते, तेवढ्यावर तो आक्षेप योग्यच होता. पलीकडे प्रत्येक नाव जबरीने हिरावून घेणारा राजा होता, एवढी एकच गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. एका महान प्रेषिताच्या दृष्टीला न दिसणारे काही असू शकते, तर आपल्यासारख्यांच्या दृष्टीआड किती असेल?

म्हणून प्रिय वाचकहो, अंदाज बांधणे आपण सोडू शकत नाही आणि सोडण्याची आज्ञाही नाही. घरात, दुकानात, सोसायटीच्या बैठकीत एखाद्या माणसाबद्दल मत बनू लागेल, तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलाबाळांसह लावून घेऊ या. हे मला ठाऊक आहे की मी धरून चाललो आहे? हाच नियम मी माझ्या माणसालाही लावतो काय? आणि माझ्याबद्दल कोणी असाच विचार केला तर तो मला न्याय वाटेल काय? या प्रश्नांनी चोर पकडला जाईलच असे नाही; ते काम कुलपाचे, कराराचे आणि पोलिसांचे आहे. परंतु कागद पिशवीत परत भरून आपल्या दारातून निघून जाणारा एखादा निरपराध मनुष्य उद्या अल्लाहच्या न्यायासनासमोर आपल्याविरुद्ध उभा राहणार नाही.

त्या तरुणाचे नाव मी तेव्हा विचारले नाही, म्हणून आज त्याची क्षमा मागू शकत नाही. त्याला जेथे कोठे घर मिळाले असेल, तेथे अल्लाह त्याला सुखात ठेवो. आपणा सर्वांना अल्लाह सावध बुद्धी आणि निर्मळ हृदय, दोन्ही प्रदान करो. आमीन.